हात लावलेली टोपली

त्या वर्षी तिवरांत शिंपल्या बारीकच येत होत्या. कुणी म्हणे पाऊस जास्त झाला, खाडीचं पाणी गोडं पडलं. कुणी म्हणे नदीच्या वरच्या अंगाला सोनं धुणारी यंत्रं लागलीत, त्यांचा गाळ खाली येतो. आमच्या नदीकाठच्या गावांच्या परिषदेचा अध्यक्ष सिप्रियानो काका म्हणे, बायकांना धीर नाही, हाताला लागेल ते उपटतात. सावलीत बसून बोलायला काय जातंय. एक ओहोटी चिखलात काढली असती, तर त्याच्या गुडघ्यांनीच त्याला शहाणं केलं असतं.

मी तेओदोलिंदा, सगळे तेओ म्हणतात. बोका दे पिताल गावात जन्मले, इथंच खांबांवरच्या घरात संसार केला, इथंच मरणार. पस्तीस वर्षं शिंपल्या काढतेय. होडी माझी. पुढं मी बसते, मागं फिदेलिना. वल्हं मारायला ती माझ्यापेक्षा तगडी, जागा ओळखायला मी तिच्यापेक्षा बरी. तिच्या पोरीला, नायिबेला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांत धरलं होतं. म्हणून मी पोरीची धर्ममाय, आणि आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. सख्ख्या बहिणीशी वाकडं आलं तर चालतं, कोमाद्रेशी आलं तर गावात तोंड दाखवायची लाज वाटते.

काम म्हणाल तर असं. ओहोटी लागली की होडी मुळाला बांधायची आणि चिखलात उतरायचं. मांडीपर्यंत पाय जातात. तिवरांच्या मुळांमध्ये कोपरापर्यंत हात घालायचा आणि बोटांनी चाचपत राहायचं, डोळ्यांचा काही उपयोग नाही. शेजारी डब्यात नारळाचं सोडण धुमसत ठेवायचं, नाहीतर डास फोडून खातात. कधी हाताला शिंपली लागते, कधी चिखलात दबा धरून बसलेला बेडूकमासा. त्याचा काटा बसला की हात खांद्यापर्यंत पेटतो आणि पन्नाशीची बाई लेकरासारखी रडते. फिदेलिनाला तीनदा बसलाय. तिच्या उजव्या हाताचं एक बोट आजही वाकत नाही.

आणि वर आलं की माप. हातभर लाकडी फळी, तिला मधोमध पाच सेंटिमीटरची खाच. शिंपली खाचेत अडली तर टोपलीत टाकायची. आरपार गेली तर ती बारीक, ती जिवंत परत चिखलात रोवायची. हा नियम बारा वर्षांपूर्वी ओनोरिया मावशीनं परिषदेकडून करून घेतला. मावशी आता ऐंशीच्या पुढं आहे, एक अक्षर लिहिता येत नाही, पण नियम घातले ते गाठ मारल्यासारखे. जे घर बारीक शिंपल्या विकेल त्याला तीन महिने तिवरांत बंदी, आणि तेवढे महिने त्या घराला परिषदेची कुठलीच चिठ्ठी नाही. धक्क्यावर माप धरायला एक बाई नेमायची. तिनं टोपली तपासून टोपलीला हात लावला की टोपली सुटली. त्यानंतर आत काही वावगं निघालं, तर दोष टोपलीवालीचा नाही, हात लावणारीचा.

सहा वर्षं ती माप धरणारी बाई मी होते.

आता लपवून काय करू? मी टोपल्या वरवर बघायचे. वरच्या थरात मोठ्या असायच्या. तळाशी काय असायचं ते मला ठाऊक होतं, कारण माझ्याही टोपलीच्या तळाशी तेच असायचं. हात लावायचे आणि सोडून द्यायचे. माल पलीकडच्या देशात जायचा, व्यापाऱ्याला आमच्या फळीशी देणंघेणं नव्हतं. माझा नवरा लाकूड अंगावर पडल्यापासून बसून आहे. फिदेलिनाचा तर पोरगी तीन वर्षांची असताना बंदराच्या गावी कामाला गेला आणि तिकडंच दुसरं घर करून राहिला. चूल दोघींच्याही घरी शिंपल्यांवरच पेटायची. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं आणि त्याची मला सवय झाली होती.

नायिबे अकरा वर्षांची असताना गणितात अगदी ढ होती. फिदेलिनानंच तिच्या हातात घरातली जुनी मापाची फळी दिली. म्हणाली, रोज माझी टोपली मोज, किती अडतात, किती आरपार जातात, लिहून ठेव, आकडे पक्के होतील. पोरगी घराच्या पायरीवर बसायची, पाय भरतीच्या पाण्यात सोडून, आणि एकेक शिंपली खाचेतून घालायची. पुढं ती गणितात शाळेत पहिली यायला लागली, तरी मोजणं सुटलं नाही. सहा वर्षांत चार वह्या भरल्या. फिदेलिनाला वाटे, अभ्यास चाललाय. तिला नावापुरती सही येते, वाचता येत नाही. वहीत आकडे लिहिलेले बघून ती शेजारणींना सांगायची, माझी पोर बघा, शिंपल्यांवर गणित शिकली. मोजून झालं की बारीक शिंपल्या फिदेलिना स्वतःच टोपलीच्या तळाशी घालायची, वर मोठ्या रचायची, आणि टोपली धक्क्यावर माझ्यापुढं आणून ठेवायची.

शाळा संपली तशी नायिबेनं हट्ट धरला, जीवशास्त्र शिकायचं. पोपायान शहरातल्या विद्यापीठाची परीक्षा तिनं दिली आणि जागाही मिळवली. आमच्या नदीवरून तिथं आजवर दोनच पोरं गेलेली, तीही वर्षभरात परत आलेली. जागा मिळाली म्हणून पोट भरत नाही. तिथं राहायचं कुठं, खायचं काय?

गावात फोनला रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. मास्तरीणबाईंचा फोन घेऊन पोरगी रोज दुपारी शिडी चढून टाकीवर बसायची आणि शिष्यवृत्त्या शोधायची. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. खाली माझी कपडे धुवायची जागा. वरून ती एकेक वाचून दाखवायची. एकीला घराचा पत्ता हवा होता, गल्ली आणि नंबर सकट.

"माय तेओ, आपल्या घरांना नंबर असतो का गं?"

"खांब आठ आहेत. आठ लिही."

ती हसायची आणि पुढची उघडायची. एकीला आईच्या पगाराचा दाखला हवा. फिदेलिनाचा पगार कोण लिहून देणार, तिवरं? एकीला शहरातला पगारदार जामीन हवा. एक खाणवाल्या कंपनीची होती, ती बहुतेक मिळाली असती. पण त्यांच्या टोपीत फोटो काढायचा आणि तो त्यांनी भिंतींवर लावायचा, अशी अट. त्या दिवशी पोरीनं फोन मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाली, "त्यांचा गाळ आईच्या नखांत आहे, माय तेओ. टोपी कुठल्या तोंडानं घालू?" मी म्हटलं, उपाशी तोंडानं माणूस काहीही घालतं. पण तिनं ती नाही भरली.

अशा दीडेक महिन्यात सतरा-अठरा झाल्या असतील. प्रत्येकीत काहीतरी एक असं असायचंच जे आमच्याकडं नाही. मग एक दिवस ती शिडीवरून धडाधड उतरली, शेवटच्या दोन पायऱ्या गाळून, आणि ओल्या कपड्यांवरच येऊन बसली. सरकारची शिष्यवृत्ती होती, आमच्यासारख्या काळ्या लोकांच्या गावांतल्या पोरांसाठी. त्यांना पत्ता नको होता, पगार नको होता. त्यांना हवी होती नदीकाठच्या परिषदेची चिठ्ठी, की ही पोरगी आमची आहे आणि हिच्या घरानं परिषदेचे नियम पाळलेत. आणि एक लेख, शिकून गावासाठी काय काम करणार याचा. तोही परिषदेनं मान्य केलेला.

"पहिल्यांदाच कुणीतरी असं मागितलंय जे आपल्याकडं आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, पोरी, ही तुझ्यासाठीच काढलीय.

मुदत शुक्रवारपर्यंतची होती, आणि कागद ग्वापीला जाऊन पाठवायचे, बोटीनं चार तास. परिषदेची सभा त्याच आठवड्यात मंगळवारी.

रविवारी दुपारी ती लेख घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. मी नारळाच्या दुधात खेकडे शिजवत होते. मला अडखळत वाचता येतं, पण तिनंच वाचून दाखवला. सुरुवात छान होती, नदीचं नाव, गावाचं नाव, ओनोरिया मावशीच्या नियमाबद्दल दोन ओळी. मग आकडे सुरू झाले. एका घराच्या टोपलीवरून सहा वर्षं घेतलेलं मोजमाप. पहिल्या वर्षी शंभरातल्या अकरा शिंपल्या खाचेतून आरपार जायच्या. यंदा शंभरातल्या त्रेचाळीस. बारीक शिंपल्या परत जात नाहीत, म्हणून वाढायला उरत नाहीत. ती शिकून हे शोधणार होती, की एक शिंपली वाढायला किती दिवस लागतात आणि कुठली खाडी किती महिने मोकळी सोडावी.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. खेकडे खाली लागले तरी मला कळलं नाही.

मी तिला म्हटलं, हे मधलं पान काढ. बाकी लेख चांगला आहे, सगळे माना डोलवतील. ती बघत राहिली. मी म्हटलं, सभेत हे मोठ्यानं वाचायचंय, ठाऊक आहे ना? आमच्याकडं नदीच्या नावानं जाणारा कुठलाही कागद सभेत वाचून दाखवावा लागतो, दोनदा, आणि ज्यानं लिहिला त्यानंच. अर्ध्या लोकांना अक्षर येत नाही, म्हणून ही रीत. तिथं तुझी आई बसलेली असेल, मी म्हटलं. मी बसलेली असेन.

"आईचं नाव नाही लिहिलंय," ती म्हणाली.

"गावात किती पोरी पायरीवर बसून शिंपल्या मोजतात गं?"

तिची मान खाली गेली. बोटानं ती पानाची कड दुमडत होती. मग म्हणाली, "तू सांगितलंस तर काढते, माय तेओ. पण मग कागदात राहतं काय? मी गरीब आहे आणि मला शिकायचंय, एवढंच राहतं. तसे कागद त्यांच्याकडं हजारांनी येत असतील. हे माझ्याशिवाय कुणाकडंच नाही."

मी काढ म्हणाले नाही आणि ठेव पण म्हणाले नाही. तिला ताटभर भात वाढला आणि खालच्या करपलेल्या खेकड्यांवरून नवऱ्याची बोलणी ऐकली. दुसऱ्या दिवशी होडीत फिदेलिना माझ्या मागं वल्हं मारत होती, पोरीच्या पोपायानच्या गोष्टी करत होती. तिथं थंडी फार असते म्हणे, घोंगडी घ्यावी लागेल. मी पुढं बसून पाण्याकडं बघत राहिले. तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

मंगळवारी शाळेत सभा भरली. पाऊस सकाळपासून लागून राहिलेला, पत्र्यावर त्याचा असा आवाज की बोलायचं तर ओरडावं लागे. पुढं टेबलाशी सिप्रियानो काका, त्याच्या शेजारी ओनोरिया मावशी पाय पोटाशी घेऊन बाकावर. फिदेलिना पहिल्या ओळीत होती, लग्नातला निळा झगा घालून. पोरगी वाचणार म्हणून.

नायिबे उभी राहिली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकड्यांपर्यंत येता येता तिचा आवाज बारीक झाला, तर सिप्रियानो काकाच म्हणाला, पावसाच्या वर आवाज काढ. तिनं काढला. अकरा. त्रेचाळीस. एका घराची टोपली. मी फिदेलिनाच्या पाठीकडं बघत होते. आधी ती ताठ होती. मग झग्याच्या शिवणीत खांदे आखडले, आणि ते न वाकणारं बोट तिनं दुसऱ्या मुठीत घट्ट धरलं. तिला कळलं. दुसऱ्यांदा वाचणं तर तिनं अंग चोरून ऐकलं, कुणी वरून भिजवत असल्यासारखं. मागून एकीनं टोमणा मारलाच, की शिकायला जायच्या आधीच आईची टोपली उघडी पाडली, शिकून आली की काय करेल. दोघीचौघी हसल्या. पण ते हसू काही टिकलं नाही, कारण प्रत्येकीला आपापली टोपली आठवली असणार.

सिप्रियानो काकानं चष्मा काढून पुसला. तो वाईट माणूस नाही, नियमाला मात्र घोरपडीसारखा चिकटतो. म्हणाला, कागद चांगला आहे, पण परिषद दोनच गोष्टी करू शकते. हे आकडे खोटे असतील, तर खोट्या कागदावर सही होणार नाही. खरे असतील, तर कुणाची टोपली ते सभेपुढं यायला हवं, आणि त्या घराला नियम लागेल. तीन महिने बंदी, तीन महिने चिठ्ठी बंद.

"आकडे खरे आहेत," नायिबे म्हणाली.

"मग टोपली कुणाची?"

पोरीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिला तेव्हा सगळं समजलं असावं, की खरं बोलली तर चिठ्ठी जाते आणि गप्प राहिली तरी चिठ्ठी जाते. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

फिदेलिना उठली. निळ्या झग्याची मागची बाजू घामानं अंगाला चिकटली होती.

"माझी," ती म्हणाली. "मोजायला मीच बसवली तिला. आकडा खोटा नाही. माझी पोर खोटं लिहीत नाही."

आणि ती उभीच राहिली. कुणी बस म्हणेना. सिप्रियानो काकानं टेबलावरचा चिठ्ठीचा कागद, ज्यावर आधीच परिषदेचा शिक्का मारून ठेवलेला होता, हातानं हळूच बाजूला सारला. पाऊस वाजत होता. ओनोरिया मावशी माझ्याकडं बघत होती. नुसती बघत होती. तिचा नियम ती विसरली नव्हती आणि मीही नाही. तिनं तो बोलून दाखवला असता तर माझी सुटका झाली असती. पण ती बोलली नाही. थेरडी पक्की आहे.

माझ्या मनात काय काय आलं ते सांगते. तीन महिने चिखल नाही तर नवऱ्याच्या औषधाचं काय. सहा वर्षं मापवाली म्हणून मिरवले, त्याचं काय. पुढच्या वर्षी पोरगी पुन्हा अर्ज करेलच की, एवढं वर्ष गेलं तर काय बिघडलं. हेही आलं. सगळ्यांत जास्त हेच आलं. मी बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते आणि फिदेलिना माझ्या पुढं चार हातांवर एकटी उभी होती.

मग नायिबेनं कागदाची घडी करायला घेतली. पहिली घडी घातली, दुसरी घातली. ती घडी घालताना जशी नीट कड जुळवत होती, ते माझ्यानं बघवलं नाही.

मी उठले. म्हटलं, "टोपली तिची असेल. हात माझा आहे."

सिप्रियानो काकाला आधी उमगलंच नाही. मी म्हटलं, फिदेलिनाची प्रत्येक टोपली धक्क्यावर माझ्यापुढं आली आणि प्रत्येकीला मी हात लावून सोडलं. सहा वर्षं. तळ कधी उपसला नाही. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, कारण होडी एकच, चिखल एकच आणि माझ्या टोपलीतही तेच. मावशीच्या नियमानं हात लावलेल्या टोपलीचा दोष हात लावणारीचा. तिच्या घराला डाग नाही. माझ्या घराला लावा.

सिप्रियानो काकानं मावशीकडं बघितलं. मावशीनं मान हलवली आणि म्हणाली, "नियम तसाच आहे. एवढा वेळ कशाला लावलास गं तेओ?"

मी बाकावर परत टेकले.

तिथल्या तिथं निकाल झाला. मला तीन महिने तिवरांत पाय ठेवायला बंदी. माप काढून घेतलं. मी मापाची फळी कायम कमरेला बांधून असायचे. गाठ मीच सोडली. मावशीनं ती घेतली आणि फिदेलिनाच्या हातात दिली. म्हणाली, आजपासून तू. फिदेलिना नको म्हणाली. मावशी म्हणाली, ज्याला बारीक काय ते चांगलं ठाऊक आहे त्यानंच धरावं. मग चिठ्ठी परत पुढं ओढली गेली, सिप्रियानो काकानं सही केली, मावशीनं शाईत अंगठा बुडवून त्याच्या शेजारी उठवला. नायिबेनं घड्या उलगडून लेख टेबलावर ठेवला आणि हातानं दाबून सपाट करत राहिली. घड्यांच्या रेघा काही गेल्या नाहीत. तसाच तो शुक्रवारी ग्वापीहून गेला.

पोरगी सभेनंतर माझ्या गळ्यात पडून रडली. तिची आई माझ्याकडं न बघता पावसात निघून गेली.

त्या दिवसापासून फिदेलिना माझ्याशी कामापुरतं बोलायची. होडी मागायला यायची, "होडी नेते," एवढंच. संध्याकाळी बांधून जायची, "बांधली." कोमाद्रे हा शब्द तिच्या बोलण्यातून गेला. आधी मला राग आला. मी माझं काम, माझं नाव तिच्या पोरीपायी घालवलं आणि हिचा ताठा बघा. मी नवऱ्यापुढं आठ दिवस तिला शिव्या घातल्या. तो बिचारा जाळं विणत ऐकायचा. एकदा म्हणाला, "तू उठलीस, पण ती उभी राहिल्यावर किती वेळानं उठलीस?" तेव्हा मला कळलं. सहा वर्षं पोरगी शिंपल्या मोजत होती. त्या दिवशी आईनं माझं बसून राहणं मोजलं होतं. तिचं चूक कसं म्हणू?

पोरीशीही ती पहिले काही दिवस बोलली नाही. पण तिचे कपडे धुवायची, तिला ताट वाढायची. ग्वापीला जायच्या दिवशी पहाटे उठून तिनं तिला केळी तळून पानात बांधून दिली होती.

मी नारळाच्या वड्या करून बोटीवाल्यांना विकायला लागले. चुलीच्या धगीनं तोंड काळवंडलं, पण पोटापुरतं जमायचं. रोज धक्क्यावर बसून मी फिदेलिनाला परत येताना बघायचे. एकटी होडी वल्हवत यायची. मग बायकांच्या टोपल्या तिच्यापुढं लागायच्या आणि ती तळापर्यंत उपसायची. एकेक शिंपली खाचेतून. बायका चिडायच्या, बोलायच्या, एकीनं तर टोपली पायानं उलथी केली. फिदेलिना काही बोलायची नाही. आधी स्वतःची मोजायची, सगळ्यांसमोर, मग इतरांची. बारीक शिंपल्या बादलीत भरून ती परत होडीत बसायची आणि भरती यायच्या आत चिखलात रोवून यायची. तिची टोपली अर्धीसुद्धा भरायची नाही. नायिबे तिच्यासोबत जाऊन रोवायला लागली, तेव्हा कुठं मायलेकींचं बोलणं सुरू झालं. होडीतून त्यांचे आवाज यायचे, काय बोलत ते मला ऐकू यायचं नाही.

नाताळाच्या आधी पोरगी टाकीवरून ओरडत उतरली. मिळाली होती. सगळ्या गावानं ऐकलं. सिप्रियानो काकानं चर्चमधला ढोल बाहेर काढला, ओनोरिया मावशीनं बाकावर बसल्या बसल्या दोन घोट उसाची दारू घेतली. मी माझ्या चुलीपाशीच होते. पोरगी धावत आली, माझे चिकट हात तिनं तोंडाला लावले.

जानेवारीत ती गेली. धक्क्यावर अर्धा गाव होता. फिदेलिनानं तिच्यासाठी जाडजूड घोंगडी मिळवली होती, कुठून ते देव जाणे, आणि चारही वह्या प्लास्टिकमध्ये बांधून तिच्या पिशवीत घातल्या. बोट सुरू झाली तेव्हा आई कठड्याशी वाकली आणि म्हणाली, "तिथं पण नीट मोज. कुणाचंही असू दे." पोरीनं मान हलवली. बोट वळणापलीकडं गेली तरी फिदेलिना तिथंच उभी होती, आणि मी तिच्यापासून दहा पावलांवर. दहा पावलं जायचं मला धाडस झालं नाही.

माझी बंदी पुढच्या आठवड्यात संपली. ओहोटीला मी होडीपाशी गेले. फिदेलिना आधीच मागं बसली होती, वल्हं हातात. मी पुढं बसले. जाताना एक शब्द नाही. चिखलात उतरले तेव्हा पायांना तो गारवा लागला आणि मला रडू आलं, धुरावर खपलं. तीन महिन्यांत हात मऊ झाले होते, मुळांनी सोलून निघाले. बोटं चाचपत होती आणि डोकं नको नको म्हणत असताना जुन्या सवयीनं लागेल ते उचलत होती.

धक्क्यावर आलो. आता बायका वाट बघत उभ्या होत्या, माझी टोपली बघायला. मी ती फिदेलिनापुढं ठेवली. तिनं आधी स्वतःची मोजली. मग माझी ओढली, उपडी केली आणि एकेक शिंपली खाचेतून घालू लागली. तिचं न वाकणारं बोट फळीच्या वर सरळ उभं राहायचं. आरपार गेलेल्या ती बादलीत टाकत होती, एकेकीचा आवाज होत होता. शेवटची शिंपली अडली. तिनं ती टोपलीत ठेवली, टोपलीला हात लावला आणि बादली उचलून माझ्याकडं दिली.

"अकरा," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "अकरा, कोमाद्रे. चल, भरती यायच्या आत लावून येऊ."